धुऱ्यावरची गुलाबी फुलं : कोणाच्या पोटाला, कोणाच्या कामाला?

वर्धेकाठ (आर्वी)

भाद्रपद लागला की आमच्याकडचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, गुलाबी होतात. आधी नजरेत भरतो तो कुरडू. त्याची कणसं टोकाला गुलाबी आणि खाली रुपेरी-पांढरी असतात, कारण फूल जुनं झालं की रंग सोडतं. त्याच्या पायाशी पुनर्नवा पसरलेली असते. तिचं फूल इतकं बारीक की वाकून पाहिल्याशिवाय त्याचा रंगही कळत नाही. पडीत तुकड्यात रानतीळ, नाल्याच्या कडेला वनभेंडी, ओल धरणाऱ्या जागी लाजाळूचे गोंडे. आणि नेमके याच दिवसांत धुऱ्याधुऱ्यावर तणनाशकाचे पंप फिरतात. आठवडाभरात सगळं करपून तपकिरी.

पिकातलं तण काढायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण धुऱ्यावर जे फुलतंय ते कार्तिकापर्यंत राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यामागची कारणं शेतीचीच आहेत.

सोयाबीन, मूग, उडीद, तीळ यांचा फुलोरा भाद्रपदापर्यंत आटोपतो. तूर भरात येते ती दसऱ्याच्या पुढे. मधल्या आठवड्यांत कपाशीला फुलं असतात, पण तिथे फवारणी चालू असते. मग माश्या, भुंगे, गांधीलमाश्या जगणार कशावर? धुऱ्यावर. तूर स्वतःच्या परागावरही शेंगा धरते, पण भुंगे आणि माश्या फिरल्या तर जास्त धरते. तुरीच्या वेळी त्या शिवारात हव्या असतील तर आधीचे आठवडे त्यांना उपाशी ठेवून कसं चालेल?

दुसरी गोष्ट मित्रकिडींची, म्हणजे पिकावरची कीड खाणाऱ्या किड्यांची. क्रायसोपा या हिरव्या, जाळीदार पंखांच्या किड्याची अळी मावा खाते, सिरफिड माशीची अळीही मावाच खाते. पण मोठी झालेली सिरफिड माशी फुलातला रस आणि पराग यांवर जगते, क्रायसोपालाही तेच लागतं. आपण ट्रायकोकार्ड विकत आणून कपाशीला टाचतो. त्यातून निघणारी चिलटाहून लहान गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिलाही गोड रस मिळाला तर ती जास्त दिवस जगते, आणि तिचं तोंड खोल फुलात पोचत नाही. कुरडू, पुनर्नवा, कुंजरू यांची बारकी, उघडी फुलं तिच्या मापाची आहेत. पैसे देऊन मित्रकिडी आणायच्या आणि त्यांचं अन्न विष मारून जाळायचं, हे मला पटत नाही.

आपापल्या भागात कोणती गुलाबी रानफुलं आहेत, त्यावर कोण येतं, माणसं त्यांचं काय करतात, ते लिहा. स्वतः पाहिलेलं असेल तर उत्तमच.

कपाशीवाला (दारव्हा)

ताई, तुमचं म्हणणं वाचलं. पण आमच्याकडं गुलाबी म्हटलं का आधी बोंडअळीच आठवते. २०१७ मंदी तिनं आमच्या भागाची कपाशी खाल्ली, आन त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या इषबाधेनं वीसच्या आसपास मानसं गेली. त्यामुळं फवारनी कमी व्हावी असं मलेही वाटते. पण धुरा तसाच ठेवा म्हनता, त तीन अडचनी सांगतो.

पयली, कुरडू. सोयाबीनमंदी एकदा घुसला का तो पिकाच्या वर डोकं काढते आन मजुराईतच पैसे जातेत. धुऱ्यावरचं बी वावरात येत नाही काय? दुसरी, रानभेंडी, पेटारी, वनभेंडी ह्या कपाशीच्याच कुळातल्या. त्यावर पिठ्या ढेकूण आन बाकीची कीड ठाण मांडून बसते, आन कृषीवाले सांगतेत का काढून टाका. तिसरी, साप. वाढलेल्या धुऱ्यावरून बायामानसं भाकर घेऊन येतेत. पाय कुठं पडन सांगता येत नाही.

ह्या तीन गोष्टींचं काय करायचं ते सांगा. इरोध म्हनून लिहत नाही, इचारतो.

वर्धेकाठ (आर्वी)

भाऊ, तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

कुरडूच्या बियांना पंख नसतात, कापूस नसतो. काळ्या, चकचकीत, गुळगुळीत बिया झाडाच्या पायाशीच पडतात. त्या लांब जातात त्या वाहत्या पाण्याबरोबर, शेणखताबरोबर आणि सगळ्यात जास्त मळणीयंत्रातून. एका वावरातून दुसऱ्या वावरात यंत्र न झाडता नेलं की कुरडू सोबत गेलाच. म्हणून मी असं करते : पिकाला लागून असलेली हातभर पट्टी बी धरायच्या आधी विळ्याने कापते, आणि धुऱ्याचा मधला भाग ठेवते. उतारावरून पाणी थेट वावरात येत असेल, तर त्या बाजूचा कुरडू मात्र मीही ठेवणार नाही.

वनभेंडीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. कपाशीला लागून असलेल्या धुऱ्यावर रानभेंडी, पेटारी, वनभेंडी काढा, गाजरगवतही काढा. पण कपाशीचा धुरा वेगळा आणि तुरीचा, ज्वारीचा धुरा वेगळा. नाल्याकाठी वनभेंडी असेल तर तिथे राहू दे. तिच्या सालीचा वाख चांगला निघतो, जुन्या माणसांनी त्याच्या दोऱ्या वळल्यात. फळं मात्र कपड्यांना आणि बकऱ्यांच्या केसांना चिकटतात, तसाच तिचा प्रसार होतो.

सापासाठी पायवाट कापून मोकळी ठेवायचीच. आख्खा धुरा जाळण्यापेक्षा चालायची वाट साफ ठेवणं कमी खर्चाचं आहे.

रानभाजी (अकोट)

कुरडूला तण म्हणणाऱ्यांनी आधी त्याची भाजी खाऊन पाहावी. पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की कोवळा कुरडू खुडायचा. कणीस दिसायला लागलं की पान जरठ होतं, मग नाही. पानं धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी टाकून द्यायचं, कारण त्यात ऑक्झलेट असतं. मग भिजवलेली मुगाची डाळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, आणि तेलात परतलं की झालं. ज्वारीच्या भाकरीशी याच्याइतकं गोड काही लागत नाही. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाकडे, हाच कुरडू लोक मुद्दाम पेरून भाजी म्हणून विकतात.

कुंजरूची फुलंही गुलाबीच असतात, बारीक तुऱ्यासारखी. सोयाबीनवाल्यांना तो नकोसा, पण त्याची भाजी कुरडूपेक्षा मऊ. पुनर्नवेची कोवळी पानं आमच्याकडे डाळीत घालतात. तिचं मूळ आयुर्वेदात सुजेवर देतात, पुनर्नवासव दुकानात मिळतंच. मूळ कोणी आपल्या मनाने उकळून पिऊ नये, वैद्याला विचारूनच घ्यावं.

एक सांगणं आहे आणि ते मी हात जोडून सांगते. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरची भाजी खुडू नका. मारल्यावर दोन-चार दिवस पान हिरवंच दिसतं, आणि शेतात कामाला येणाऱ्या बायका घरी जाताना पदरात तीच भाजी घेऊन जातात. ज्याने फवारलं त्याने निदान तोंडाने सांगावं, धुऱ्यावर फडकं बांधावं. गरिबाच्या ताटातली फुकटची भाजी म्हणजे हेच धुरे.

भुलाबाईच्या दिवसांत (भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी) पोरी सजावटीला हीच फुलं आणायच्या. ज्वारीच्या धांड्यांचा मखर आणि त्यात कुरडूचे तुरे खोचलेले. कुरडू वाळला तरी त्याचा आकार मोडत नाही, म्हणून महिनाभर टिकायचा.

पाखरू (कारंजा लाड)

आमच्या वाशीम जिल्ह्यात धुऱ्यापेक्षा कुरणांची गोष्ट मोठी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हलक्या, मुरमाड जमिनीवरच्या गवतात दुधाळी फुलते. सडपातळ, गवताएवढीच उंच, पानं दोऱ्यासारखी, आणि फूल चांगलं मोठं, फिकट गुलाबी. गवत वाऱ्याने कललं तरच दिसते. तिच्यासोबत शेंगवर्गातल्या जमिनीलगत वाढणाऱ्या वनस्पती असतात, त्यांचीही फुलं गुलाबी-केशरी, हरभऱ्याच्या फुलाहून लहान. त्यातल्या काहींच्या पानांवर इवल्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. गुरांना हा पाला गवतापेक्षा पौष्टिक, कारण शेंगवर्गात प्रथिनं जास्त. शिवाय मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरून ठेवतात.

या कुरणांत पावसाळ्यात तणमोर येतो. नर गवताच्या वर उडी मारतो, पुन्हा खाली बसतो, पुन्हा उडी मारतो. मादी गवतातच जमिनीवर अंडी घालते. तिच्या पिल्लांना नाकतोडे, भुंगेरे, अळ्या लागतात, आणि नुसत्या एका जातीच्या गवतात ते पुरेसे नसतात. फुलझाडं मिसळलेली असतील तरच कीटकांची गर्दी होते. आपल्याकडे अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाने पुढाकार घेऊन काही कुरणं राखली. चराई, गवतकापणी यांच्या वेळा त्यांनी ठरवल्या. ज्या समाजाला इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलं होतं, त्या समाजाच्या माणसांना तणमोर कुठे अंडी घालतो, कधी बोलतो हे इतर कोणाहीपेक्षा जास्त कळतं. माझ्या मते विदर्भातलं हे सगळ्यात मोलाचं निसर्गकाम आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

कुरडूबद्दल एवढंच. दिवाळीनंतर मुनियांचे थवे वाळलेल्या कणसांवर लोंबकळून बी टिपतात. त्या वेळी धुरे जाळले तर त्यांचं थंडीचं अन्न जातं.

सोनपापडी (वरुड)

दुधाळी म्हणजे परजीवी ना? आमच्याकडे ज्वारीवर टारफुला येतो त्याच्या कुळातली आहे असं ऐकलं. मग गवताचं नुकसान होत नाही का, दादा?

पाखरू (कारंजा लाड)

ताई, अर्धपरजीवी. तिची पानं हिरवी असतात, स्वतःचं अन्न स्वतः करते, फक्त गवताच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढून घेते. टारफुल्याच्या कुळातली आहे हे खरं. पण टारफुल्याने ज्वारी बसते, दुधाळीने कुरण बसलेलं मी पाहिलं नाही. विखुरलेली असते, रान व्यापत नाही.

झाडीपट्टी (अर्जुनी मोरगाव)

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे गुलाबी म्हणजे कमळ. धागा रानफुलांचा आहे, आणि आमच्या तलावातलं कमळ कोणी लावलेलं नाही, म्हणून लिहितो.

हे मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी बांधले, गोंड राजांच्या काळापासून. पाणी कुठे अडवायचं, पाट कुठून न्यायचा, कोणाच्या बांधीला (धानाच्या खाचराला) आधी पाणी, सगळं ठरलेलं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्यांची मालकी) गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभाल करणारे हात सुटले. गाळ वाढला. आणि मग काठाकाठाने बेशरम शिरली.

बेशरमचं फूलही गुलाबीच, मोठं, नरसाळ्यासारखं, दिसायला सुंदर. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. कुंपणाला, सरपणाला म्हणून लोकांनी लावली. तुटलेली फांदी चिखलात पडली की मूळ धरते, म्हणून काढतानाच ती पसरते. गुरं सहसा तोंड लावत नाहीत. उपासमारीच्या दिवसांत बकऱ्यांनी खाल्ली तर त्यांना तिची सवय लागते, मग मान थरथरते, चाल बिघडते. तिच्यात स्वेनसोनिन नावाचं विष असतं, ते मज्जासंस्थेवर जातं.

काठावर बेशरम माजली की उथळ पाण्यातलं बाकी सगळं मरतं. माशांच्या पिल्लांना लपायला देवधान (रानटी धान), पाणगवतं, पाण्याखालची शेवाळासारखी झुडपं लागतात. ती गेली की मासेमारी करणाऱ्या ढिवरांची मासोळी गेली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर यावर काम केलं आहे. तलावांतली बेशरम मुळासकट काढायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा, आणि आपल्याच दुसऱ्या तलावांतून स्थानिक पाणवनस्पती आणून लावायच्या. गावच्या बायकांनी चिखलात उभं राहून हे केलंय. पाणवनस्पती परतल्या की मासे परतले, आणि माशांमागे पक्षी.

आता कमळ. ते सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, तीन-चार दिवस असं चालतं. उमलण्याच्या काळात ते स्वतःला तापवतं. बाहेरची हवा दहा अंशांवर उतरली तरी फुलाच्या आत ३० ते ३६ अंश राहतात, इतकं नेमकं. भुंगेरे रात्री मिटलेल्या फुलात उबेला अडकतात आणि सकाळी परागाने माखून निघतात. बी तर इतकं टणक की चीनमधल्या एका आटलेल्या तळ्यात सापडलेलं सुमारे १३०० वर्षांचं बी रुजवल्याची नोंद आहे. म्हणून गाळ काढलेल्या तलावात कमळ आपोआप आलं तर कोणी अचंबा करू नये.

कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालतो, त्याची बोटं त्यासाठीच लांब. अंडीही तरंगत्या पानांवरच, आणि बसतो नर. पानांखाली माशांना सावली मिळते. महाराष्ट्रातला सारस मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात टिकून आहे, तोही या तलावांच्या उथळ काठावर आणि धानाच्या बांधीत. माणसं दांडे आणि कंद भाजीला काढतात, कमळगट्टे (कमळाच्या बिया) पोरं सोलून खातात, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला फुलं बाजारात जातात.

पण कमळही सगळा तलाव झाकून टाकतं तेव्हा खालच्या पाण्याला प्राणवायू कमी पडतो. ढिवर मंडळी दरवर्षी थोडं काढतात, थोडं ठेवतात. सरकारी खर्चाने यंत्र लावून एकदाच सगळं उपटण्यापेक्षा हीच रीत चांगली.

जंगलाच्या बाजूला एक गुलाबी फूल आणखी आहे, तिखुराचं. हळदीच्या जातीतली वनस्पती, वर गुलाबी पाकळ्यांसारखी पानं, खरी पिवळी फुलं त्याखाली. कंद कुटून पाण्यात धुतात, निवळू देतात, पुन्हा धुतात, तळाला पांढरं सत्त्व राहतं. उपासाला खीर करतात, बाळाला देतात. काढताना लहान कंद जमिनीत परत पुरायचे, ही जुन्या लोकांची सवय आता पैशापायी सुटत चालली आहे.

पंखगुलाबी (नागपूर)

काका, मी वनस्पतिशास्त्र शिकते. मला एक पडलेला प्रश्न विचारते. बेशरमवर मधमाश्या येतात, रायमुनियावर (घाणेरीवर) तर फुलपाखरांची रांग लागते. गावी आमच्या घरामागे रायमुनियाचं गुलाबी-पिवळं रान आहे, त्यावर मी इतकी फुलपाखरं पाहिली आहेत. मग ती काढायची का? फुलांचं मोल वन्यजीवांसाठी मोजायचं तर ती पण मोलाचीच ठरतात ना?

मेळघाटातून (धारणी)

ताई, प्रश्न चांगला विचारला.

फुलपाखराला दोन गोष्टी लागतात, मोठं झाल्यावर रस आणि लहानपणी पाला. रायमुनिया रस देते, पण आपल्याकडच्या जवळपास कोणत्याच फुलपाखराची अळी तिचा पाला खात नाही. ती जिथे माजते तिथे खालचं गवत, झुडपं, शेंगवर्ग सगळं दबून मरतं, म्हणजे अळीचा पाला जातो. तुमच्या घरामागे दिसणारी फुलपाखरं दुसरीकडे कुठेतरी वाढून आलेली असतात. ते दुसरीकडे संपलं की रांगही संपेल. चितळ-गव्याला रायमुनियाखाली चारा मिळत नाही आणि गुरांनी खाल्ली तर त्यांचं यकृत बिघडतं. जंगलात तिचं उच्चाटन चालू असतं ते त्यामुळेच.

तिच्या रंगाचंही सांगतो. रायमुनियाचं फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं, त्यात रस असतो. रस संपला की ते गुलाबी-लालसर होतं. गुच्छ लांबून मोठा दिसावा म्हणून ते गळून न पडता तिथेच राहतं. फुलपाखरं जवळ आल्यावर पिवळ्यातच सोंड घालतात. नीट पाहाल तर दिसेल.

आता तेरडा पाहा. चिखलदऱ्याच्या उतारांवर श्रावण-भाद्रपदात दगडांच्या फटींतून तो उभा राहतो. फुलाच्या मागे बारीक वाकडी शेपटी असते, रस त्या शेपटीच्या टोकाला. तिथे लांब सोंडेचीच मंडळी पोचतात : निळ्या पट्ट्यांची एकेकटी राहणारी माशी आणि संध्याकाळी येणारे मोठे पतंग. त्या पतंगांतल्या काही जातींच्या अळ्या तेरड्याचाच पाला खातात, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात, पोरं सापाचं पिल्लू समजून पळतात. म्हणजे तेरडा रसही देतो आणि पालाही. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते वळून फुटतं आणि बी दूर फेकतं. पोरी पाकळ्या ठेचून नखं रंगवतात. मेंदीत रंग देणारं जे द्रव्य असतं तेच तेरड्यातही आहे.

रायमुनिया आणि तेरडा दोन्ही गुलाबी, पण एक जागा अडवतो आणि दुसरा जागेत मुरतो. वर्धेकाठ ताईंना विनंती, धुरा राखा म्हणताना बेशरम आणि रायमुनिया वगळा असं स्पष्ट लिहा, नाहीतर लोक सगळंच ठेवतील.

उन्हाळ्याकडे तिवस आणि काटेसावर राहिले. तिवस माघ-फाल्गुनात निष्पर्ण असतो आणि फांद्याफांद्यांवर पांढरट-गुलाबी फुलांचे झुपके धरतो. त्या कोरड्या दिवसांत माश्यांचा गलका झाडाखालून ऐकू येतो. लाकूड चिवट, गाडीच्या आणि औताच्या कामाला एके काळी तेच. काटेसावरीची फुलं लालसर-गुलाबी, वानरं वर बसून कुरतडतात आणि खाली पडलेली चितळ खातात. आमचे कोरकू लोक फाल्गुनात कुठल्या झाडाखाली चितळ येणार हे फुलावरून सांगतात.

वर्धेकाठ (आर्वी)

दादा, मान्य. राखायचं ते कुरडू, पुनर्नवा, रानतीळ, लाजाळू, तेरडा, कुंजरू आणि गवतातली शेंगवर्गीय. बेशरम, रायमुनिया, गाजरगवत काढायचं. यात लाजाळूही मूळची अमेरिकेतलीच, पण आमच्याकडे ती ओलसर पट्ट्यापलीकडे जात नाही आणि सकाळी तिच्या परागावर माश्या तुटून पडतात. जिथे ती चराईची जागा व्यापत असेल तिथे तिलाही आवर घालावा.

रानतिळाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्या तिळाचा हा सगळ्यात जवळचा रानटी नातलग. फूल तसंच घंटेसारखं, पण जास्त गडद, आणि खालच्या ओठावर जांभळा डाग. बी कडू, खाण्यात नाही. पण रोगराईत आणि कमी पाण्यात तग धरण्याचे गुण अशा रानटी जातींत असतात, आणि तिळाचं नवं वाण काढणारे तिथेच शोधायला जातात. पडीत तुकडा नांगरून, तणनाशक मारून सपाट केला की हा ठेवा कायमचा जातो.

तणनाशकाचं म्हणाल, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांपुरता मर्यादित केला. गावात मात्र कोणीही पाठीवर पंप घेऊन मारतो. पंप मारणारा बहुतेक मजूर असतो, हातात मोजे नाहीत, तोंडाला रुमाल. फुलांआधी मला त्याची काळजी वाटते.

कपाशीवाला (दारव्हा)

समदं वाचलं. कपाशीचं फूल पयल्या दिवशी पांढरंपिवळं आन दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे जनमभर पाहात आलो. बोंडअळीची डोमकळी (अळीमुळं न उमलता मिटून राह्यलेलं फूल) शोधाले आमी फुलं चाळतो, तवा ताज्या फुलातच माश्या दिसतेत, गुलाबी झालेल्यावर नाही. रायमुनियाचं वाचलं तवा ते ध्यानात आलं.

मी असं ठरवलं. तुरीकडचा आन ज्वारीकडचा धुरा ठेवतो, कपाशीकडचा ईळ्यानं साफ करतो. औषध नाही मारत. पायवाट मोकळी. आता सांगा, ठेवलेला धुरा कापायचा कवा? आन कापून जाळायचा का नाही?

पाखरू (कारंजा लाड)

भाऊ, जाळू नका. एकेकट्या राहणाऱ्या माश्या धुऱ्याच्या मातीतच बिळं करतात, काही पोकळ काड्यांत अंडी घालतात. आगीत त्या जातात, मुनियांचं बी जातं, आणि लागूनच कोणाची गंजी असली तर तीही जाते. कापायचं तर माघात, बी टिपून झाल्यावर. एका वर्षी अर्धा धुरा, पुढच्या वर्षी उरलेला अर्धा. कापलेलं तिथेच पसरा किंवा गुरांखाली घाला.

रानभाजी (अकोट)

आणि भाऊ, आषाढात तुमच्या धुऱ्यावरचा कोवळा कुरडू मजूर बायकांना खुडू द्या. जितका खुडला जाईल तितकी कणसं कमी, म्हणजे सोयाबीनची तुमची चिंताही थोडी हलकी होईल.

कपाशीवाला (दारव्हा)

बरं काकू, सांगतो त्याइले. आमच्या गावात शेतीशाळा भरते, तिथं हा इषय काढतो. वर्धेकाठ ताई, तुमाले येनं जमन काय? मित्रकिडी कोन्या फुलावर बसतेत ते वावरात उभं राहून दाखवा, लोकं ऐकून मानत नाहीत.

वर्धेकाठ (आर्वी)

येते भाऊ. सकाळी नऊच्या आत ठेवा, नंतर पुनर्नवेची फुलं मिटायला लागतात. लोकांना एखादं भिंग घेऊन यायला सांगा, शाळेतलं चालेल. आणि ज्या धुऱ्यावर नेणार तिथे आधी महिनाभर काही मारलेलं नसावं.